मनसर : विटांची टेकडी आणि मँगनीजची खाण

गेल्या हिवाळ्यात अंबरनाथच्या आनंदनगर परिसरातील आम्ही काही उपासक-उपासिका दीक्षाभूमीच्या दर्शनासाठी नागपूरला गेलो होतो. दीक्षाभूमीवर वंदना झाल्यावर हाताशी दोन दिवस शिल्लक राहिले. आमच्या अभ्यासमंडळात मनसरच्या उत्खननाविषयी पूर्वी बराच वाद झाला होता. त्या टेकडीवर बौद्ध स्तूप होता की वाकाटकांचे शिवालय, या प्रश्नावर दोन वर्षांपूर्वी झालेल्या बैठकीत दोन ज्येष्ठ सभासद एकमेकांशी बोलेनासे झाले, इतका तो वाद विकोपाला गेला. तेव्हा जागेवर जाऊनच पाहावे असे ठरले. तत्पूर्वी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय पाहून घ्यावे, कारण मनसर-रामटेक परिसरातील एक मोलाची ठेव तेथे आहे, ही सूचना आमच्यातील एका शिक्षिकेची. ती आम्ही मानली, हे चांगले झाले.

हे संग्रहालय नागपूरकरांना ‘अजब बंगला’ या नावाने अधिक परिचित आहे. त्याची स्थापना १८६३ सालची. मध्य प्रांताचे तत्कालीन चीफ कमिशनर सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत ते उभे राहिले. त्याच साली नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतताना नदीच्या पुरात बुडून मरण पावले. हिस्लॉप हे धर्मप्रचारासाठी आलेले गृहस्थ. पण या भागातील दगड, जीवाश्म आणि आदिवासींच्या भाषा यांचा त्यांनी केलेला संग्रह पुढील अभ्यासकांस पायाभूत ठरला. आदिवासींविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनीच १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. दगड आणि माणसे यांची नोंद येथे अशी एकाच वेळी सुरू झाली. पुढे दगडांची नोंद वाढत गेली, माणसांची मात्र अर्ध्यावर राहिली. ती कशी, हे आम्हांस मनसरला उमगले.

ज्या ठेवीसाठी आम्ही गेलो होतो ती म्हणजे रामटेकजवळच्या हमलापुरी येथे सापडलेल्या ब्राँझच्या बुद्धमूर्ती. डॉ. अ. प्र. जामखेडकर यांनी १९८५ मध्ये त्यांवर लेख लिहून त्या अभ्यासकांपुढे आणल्या. त्या वाकाटक काळातील मानल्या जातात. या मूर्तींचे महत्त्व सुज्ञ वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. वाकाटकांचे राजघराणे शैव-वैष्णव उपासनेचे होते. द्वितीय रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट द्वितीय चंद्रगुप्ताची कन्या; पतीच्या निधनानंतर तिने पुत्रांच्या वतीने राज्य चालविले आणि ‘रामगिरी’च्या, म्हणजे आजच्या रामटेकच्या, स्वामीचा उल्लेख तिच्या ताम्रपटात आहे. राजकुलाच्या अशा श्रद्धास्थानाच्या अगदी सावलीत बुद्धमूर्ती पुजल्या जात होत्या, हे हमलापुरीने सिद्ध केले. राजाने आश्रय दिला म्हणून येथे धम्म होता असे नव्हे. राजा दुसऱ्या पंथाचा असतानाही येथे उपासक होते. आम्हांस हे अधिक मोलाचे वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी जबलपूरच्या हमरस्त्याने मनसर गाठले. नागपूरपासून हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. येथूनच रामटेकला फाटा फुटतो. तलावाजवळ हिडिंबा टेकडी आहे. भीमाच्या राक्षसपत्नीचे नाव या टेकडीस कोणी व केव्हा दिले हे सांगता येत नाही. पण ज्या वास्तूंचे मूळ लोक विसरतात त्या पांडवांच्या किंवा राक्षसांच्या खाती जमा होतात, हा महाराष्ट्रभरचा अनुभव आहे. आपल्या कित्येक लेण्यांना ‘पांडवलेणी’ हे नाव याच रीतीने चिकटले आहे. टेकडीवर विटांचे प्रचंड बांधकाम उघडे पडले आहे. एकावर एक चढत जाणारे टप्पे, कोनाडे, कोन साधत वळणाऱ्या भिंती, आणि वर पोहोचल्यावर तलाव, शेते व दूर रामटेकचा डोंगर. आमच्यातील वृद्ध मंडळी निम्म्यावरच बसली. तेथूनही पुरेसे दिसत होते.

या अवशेषांकडे विद्वानांचे लक्ष प्रथम वळविणारा मनुष्य पुरातत्त्व खात्याचा नव्हता, तो खाणीचा होता. मँगनीज कंपनीचे टी. ए. वेल्स्टेड यांनी वाकाटक व मनसरचे अवशेष यांवर लिहिलेले टिपण १९३० च्या दशकात बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे १९७२ मध्ये येथे शिवाची एक अतिशय देखणी मूर्ती मिळाली. ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. मोठे उत्खनन मात्र १९९८ नंतर झाले, आणि ते घडवून आणले बोधिसत्त्व नागार्जुन स्मारक संस्था व अनुसंधान केंद्र या बौद्ध संस्थेने, भदन्त आर्य नागार्जुन सुरेई ससाई यांच्या पुढाकाराने. प्रत्यक्ष काम पाहिले जगत्पती जोशी व अरुणकुमार शर्मा या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातून निवृत्त झालेल्या दोन अनुभवी अधिकाऱ्यांनी. जोशी म्हणजे तेच, ज्यांनी १९६९-७० मध्ये डॉ. शां. भा. देव यांच्यासमवेत भंडारा जिल्ह्यातील पवनीचा स्तूप उजेडात आणला होता. धम्मदीक्षेनंतर अर्धशतकाच्या आत आपल्या समाजातील एका संस्थेने एवढे मोठे उत्खनन उभे करावे, ही गोष्ट स्वतंत्र अभिमानाची आहे. निष्कर्ष काहीही निघोत.

आता निष्कर्षांविषयी. संस्थेच्या नावातच नागार्जुन आहे. रामटेकच्या डोंगरावर नागार्जुनाच्या नावाची गुहा दाखवितात. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संगाने कोसल देशाच्या वर्णनात नागार्जुन आणि त्याच्यासाठी सातवाहन राजाने डोंगरात खोदविलेला विहार यांची हकीकत दिली आहे. तो विहार येथेच असावा, ही आशा घेऊन हे काम सुरू झाले. उत्खननकर्त्यांनी वाकाटकपूर्व काळातील बौद्ध बांधकामांची, स्तूपांची नोंदही केली. परंतु याच उत्खननात ‘प्रवरेश्वर’ या नावाची मुद्रा मिळाली. द्वितीय प्रवरसेनाने प्रवरपूर नावाची राजधानी वसविली हे ताम्रपटांवरून ठाऊक होते, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते वर्धा जिल्ह्यातील पवनार असावे असे मत मांडले होते आणि ते दीर्घकाळ मान्य होते. मुद्रेने तोल मनसरकडे झुकला. डॉ. अजयमित्र शास्त्री, हॉलंडचे हॅन्स बाकर आदी अभ्यासकांनी टेकडीवरील मुख्य वास्तू म्हणजे प्रवरसेनाचे प्रवरेश्वर शिवालय होय, असे प्रतिपादन केले. म्हणजे बौद्ध संस्थेने खणले आणि शैव मंदिर निघाले!

येथेच आमच्या मंडळात मागे भांडण पेटले होते. एका पक्षाचे म्हणणे, हा सारा बनाव आहे. मूळचा स्तूप दडपण्यात आला आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, विटा खोटे बोलत नाहीत. टेकडीवर उभे राहून आम्ही पुन्हा हाच प्रश्न काढला. बौद्ध वास्तूंवर पुढे इतर पंथीयांनी ताबा मिळविल्याची उदाहरणे इतिहासात आहेत, त्यामुळे पहिल्या पक्षाचा संशय अगदीच निराधार म्हणता येणार नाही. पण संशय हा शोधाचा आरंभ असतो, पुरावा नव्हे. टेकडीच्या पोटात आधीचे थर आहेत आणि त्यांच्या स्वरूपाविषयी विद्वानांत एकमत नाही. वरची वास्तू वाकाटकांच्या मंदिराची आहे, या मताकडे पुराव्याचे वजन आज झुकते. आम्ही ते मान्य करतो. कालामांना तथागतांनी जे सांगितले ते परक्यांच्या ग्रंथांपुरते नव्हते. आपल्याला प्रिय असलेल्या परंपरेलाही ते तितकेच लागू आहे. आणि मान्य केल्याने आपले जाते काय? पवनीचा स्तूप मौर्यकाळाइतका मागे जातो. हमलापुरीच्या मूर्ती आहेत. वाकाटकांच्याच वत्सगुल्म, म्हणजे वाशीमच्या, शाखेतील हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे बुद्धसंघास अर्पण केले. त्याचा शिलालेख तेथे आहे. विदर्भातील धम्माचा इतिहास एका टेकडीच्या निकालावर टांगलेला नाही. ज्यांनी बोलणे टाकले होते त्या दोन सभासदांपैकी एकच या वेळी बरोबर होते. ते ऐकून घेत होते, पण त्यांनी होकार दिला नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

टेकडी उतरून आम्ही खाणीच्या दिशेने निघालो, आणि खरे सांगायचे तर आमच्या भेटीचा गाभा तेथे सापडला.

मनसर हे मँगनीजचे जुने गाव. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाची विलायती कंपनी १८९६ मध्ये निघाली, आणि विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर या डोंगरांतून खनिज निघू लागले. पोलाद करताना त्यातील गंधक व प्राणवायू काढून त्यास चिवटपणा आणण्यासाठी मँगनीज लागते. म्हणून विलायतेतील पोलादाच्या भट्ट्यांना या काळ्या जड दगडाची भूक होती. रामटेक, मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव, तसेच भंडाऱ्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग, बालाघाटकडील भरवेली, उकवा, तिरोडी अशी ही खाणींची माळ आहे. रशियाच्या बरोबरीने मँगनीज पुरविणारा देश म्हणून हिंदुस्थानचे नाव झाले ते प्रामुख्याने याच पट्ट्याच्या जोरावर. कंपनीचे नाव पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी असे झाले. १९६२ मध्ये भारत सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश या राज्यांनी मिळून ५१ टक्के भाग घेतला, तेव्हा मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड स्थापन झाली. उरलेले ४९ टक्के १९७७ मध्ये सरकारकडे आले. आज ती ‘मॉयल’ या नावाने ओळखली जाते आणि मनसरची खाण अद्याप चालू आहे.

या खनिजांचा मूळ ग्रंथ म्हणजे भूवैज्ञानिक लुईस ली फर्मोर यांचा १९०९ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केलेला, हजाराहून अधिक पानांचा अहवाल. फर्मोर हे असामान्य चिकाटीचे संशोधक होते, यात शंका नाही. त्यांनी नव्या खडकांना व खनिजांना नावे दिली. सर्वेक्षणाचे संचालक हॉलंड यांच्यावरून ‘होलंडाइट’, सहकारी व्रेडेनबर्ग यांच्यावरून ‘व्रेडेनबर्गाइट’, बेलडोंगरी गावावरून ‘बेलडोंगराइट’. यांतील काही नावे पुढे शास्त्राने रद्द केली, ती गोष्ट वेगळी. ज्या खडकात हे मँगनीज सापडते त्यास त्यांनी ‘गोंडाइट’ म्हटले, गोंड लोकांवरून. एका दृष्टीने हा गौरवच. आदिवासी समाजाचे नाव जगाच्या भूशास्त्रात कायमचे कोरले गेले. पण फरक पाहावा. साहेबांपैकी हॉलंड आणि व्रेडेनबर्ग ही माणसे आहेत. गोंड ही मात्र जात आहे. ज्याने फर्मोरसाहेबांना वाट दाखविली, ज्याने डोंगराची कोणती बाजू काळी आहे हे बोटाने सांगितले, त्या एका गोंडाचे नाव खडकास मिळाले नाही.

आणि ज्यांनी तो खडक फोडला त्यांचे तर समूह म्हणूनही नाव उरले नाही. खाणीत गोंड होते, इतर आदिवासी होते, महार होते, दूरवरून आलेले भूमिहीन होते. उघड्या खाणीत पुरुष सब्बल व सुरुंग चालवीत. फोडलेले खनिज हातोडीने बारीक करणे, काळा दगड व पांढरा दगड वेगळा निवडणे, घमेल्यात भरून डोक्यावरून वाहणे, ही कामे फार मोठ्या प्रमाणावर स्त्रियांनी केली. मँगनीज किती जड असते हे हातात घेतल्याशिवाय कळत नाही. चहाच्या टपरीवर एका सद्गृहस्थाने आम्हांस नारळाएवढा एक तुकडा उचलायला दिला. आमच्यातील तरुण मुलाने तो एका हाताने घेतला आणि लगेच दुसरा हात खाली लावला.

तेथेच एक आजी बसल्या होत्या. ‘जयभीम’ झाल्यावर त्यांनी आमची चौकशी केली. मुंबईकडून एवढ्या लांब दगड बघायला आलात का, म्हणून हसल्या. त्यांच्या आईने आणि त्यांनी स्वतः खदानीत निवडाईचे काम केले होते. (या भागात कोणी ‘खाण’ म्हणत नाही, ‘खदान’ म्हणतात.) “दिवस निघाच्या आंधी जात होतो, अन् दिवे लागल्यावर येत होतो,” त्या म्हणाल्या. लेकरू झाडाच्या फांदीला झोळी बांधून ठेवायचे, आणि रडले तर मुकादमाच्या नजरेची वाट पाहायची. नागपूरच्या संग्रहालयातून आम्ही आलो आहोत हे कळल्यावर त्यांनी विचारले, “आमचं काही ठेवलं काय तिथं?” आम्ही उत्तर दिले नाही. कोणा एका संस्थेस दोष देण्यात अर्थ नाही. आपल्या देशात खनिजांची दालने पुष्कळ आहेत, पण निवडाई करणाऱ्या बाईची हातोडी आणि तिचे नाव एकत्र ठेवलेले आम्ही कोठेच पाहिलेले नाही.

आजींच्या झोळीवरून आम्हांस परमपूज्य बाबासाहेबांच्या मजूरमंत्रिपदाचा काळ आठवला. १९४२ ते १९४६ या वर्षांत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरखात्याचे सभासद होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसाक्षेत्रात गेले आणि स्वतः खाणीत खाली उतरून काम पाहिले. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या कायद्यात त्यांनी १९४३ मध्ये दुरुस्ती मांडली. १९४४ च्या आरंभी कोळसा खाण कामगारांच्या कल्याणनिधीचा वटहुकूम निघाला. खाणीच्या तोंडाशी स्नानगृहे आणि मुलांसाठी पाळणाघरे हे विषय त्याच काळात कायद्यात आले. या काळातील एक अवघड गोष्ट मात्र आपल्याकडील लेखांत सहसा टाळली जाते. कोळशाच्या खाणीत स्त्रियांनी भूमिगत काम करण्यावरची बंदी युद्धकाळात, ऑगस्ट १९४३ मध्ये, उठविण्यात आली, आणि तिची सुरुवात आपल्याच मध्य प्रांतापासून झाली. तो निर्णय बाबासाहेबांना विधिमंडळात मांडावा व समर्थावा लागला. त्यांनी तो तात्पुरता, युद्धाच्या निकडीचा उपाय म्हणून मांडला आणि पुरुषांइतकीच मजुरी स्त्रियांना मिळेल यावर भर दिला. फेब्रुवारी १९४६ पासून बंदी पुन्हा लागू झाली. बाबासाहेबांची थोरवी अशा तपशिलांनी कमी होत नाही. सत्तेत बसून कामगाराचे हित सांभाळणे किती कठीण असते, हे त्यावरून कळते. ज्याला हिडिंबा टेकडीच्या बाबतीत पुरावा हवा आहे, त्याने येथेही पुरावा टाळू नये.

खाण आणि धम्म यांचे नाते आपल्याला वाटते त्याहून जुने आहे. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणींत तमिळ प्रदेशातून आलेले अस्पृश्य समाजाचे हजारो कामगार होते. मद्रासचे पंडित अयोथी दास यांनी १८९८ मध्ये शाक्य बौद्ध संघाची स्थापना केली आणि १९०७ पासून ‘तमिळन’ हे पत्र चालविले. त्यांच्या संघाची सर्वांत बळकट शाखा कोणत्याही मोठ्या शहरात नव्हती. ती कोलारच्या खाणकामगारांच्या वस्तीत, मारीकुप्पमला होती. पंडितजी १९१४ मध्ये वारले; पुढे १९२६ पासून त्यांचे पत्र अप्पादुराई यांनी त्या खाणींच्या गावातूनच चालविले. जमिनीखाली हजारो फूट उतरणारे कामगार वर येऊन बुद्धवंदना म्हणत होते, आणि नागपूरच्या दीक्षेस अजून अर्धे शतक अवकाश होता. १९५४ मध्ये बाबासाहेब तेथे गेले. त्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. हा इतिहास आपल्यापर्यंत पोहोचला तो कंपनीच्या दप्तरामुळे नव्हे, तर त्या कामगारांनी स्वतः छापले, जपले, म्हणून.

इंग्लंडच्या पश्चिमेस वेल्स प्रांतात ब्लेनॅव्हन येथे ‘बिग पिट’ नावाची कोळशाची खाण १९८० मध्ये बंद झाली आणि १९८३ मध्ये तिचे संग्रहालय झाले. तेथे पाहुण्यांना खाली नेणारे मार्गदर्शक पूर्वीचे खाणकामगारच असतात. आमच्या मंडळातील एका सभासदाने हे वाचले होते. परतीच्या गाडीत त्यावरच बोलणे चालले. मनसरला उद्या असे काही झाले तर टेकडीवर कोण उभे राहील आणि खाणीच्या तोंडाशी कोण, यावर विनोदही झाले. टेकडीसाठी दोन्ही पक्षांचे विद्वान तयार आहेत. खाणीसाठी त्या आजी आहेत, पण त्या किती दिवस?

मग बोलणे आमच्याच गावावर आले. अंबरनाथचे शिवालय प्रसिद्ध आहे. त्यातील शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलालेख शिलाहार मुम्मुणीच्या काळचा आहे, हे शाळकरी मुलेही सांगतात. पण विम्कोच्या काडेपेटीच्या कारखान्यात काड्या भरणारे हात कोणाचे होते? आयुधनिर्माणीत पहिल्या पाळीला जाणारी, आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या पिंपांवर उभी राहिलेली आपली माणसे कोणत्या गावांहून आली, कोठल्या चाळींत राहिली, १४ एप्रिलची पहिली मिरवणूक त्यांनी कोणत्या रस्त्याने काढली? विम्को बंद पडला. त्यात काम केलेली पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. आपण मनसरच्या विटांवर दोन वर्षे भांडलो, आणि या माणसांना एक प्रश्नही विचारला नाही, असे आमच्यातील शिक्षिका म्हणाल्या. त्यावर गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

परतल्यावर पुढच्या पौर्णिमेस विहारातील ग्रंथांच्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामा करण्यात आला. ज्यांच्या घरी कारखान्यातील जुन्या वस्तू असतील त्यांनी त्या आणाव्यात, दान म्हणून नव्हे तर ठेव म्हणून, असे सांगितले. पहिल्या आठवड्यात आलेल्या वस्तू अशा : दोन पगारपत्रके, एक जेवणाचा ॲल्युमिनियमचा डबा, संपाच्या काळातील एक पत्रक, आणि हजेरीचा एक पितळी बिल्ला. बिल्ल्यावर फक्त क्रमांक आहे. तो घेऊन आलेल्या भगिनीला आम्ही विचारले, हा कोणाचा? तिने सासऱ्यांचे नाव सांगितले, मग थोडे थांबून त्यांचे गाव, त्यांच्या आईचे नाव आणि ते कोणत्या खात्यात होते तेही सांगितले. वहीत पहिली नोंद त्यांची आहे.